नर्सिंग कॉलेजसाठी असिस्टंट प्रोफेसर शोधून देणारी प्लेसमेंट एजन्सी, खान्देशातला आमचा अनुभव (५ पैकी ३ स्टार)

सरळ सांगते, कागदपत्रं तपासायला ही एजन्सी एकदम चांगली निघाली, पण शिकवणारा माणूस ओळखणं त्यांना जमत नाही आणि ते काम आपण त्यांच्यावर सोडूही नये. ३ स्टार त्यातल्या कागदांच्या कामाचे आहेत. एजन्सीचं नाव लिहीत नाही, कारण नाशिक-पुण्याकडच्या बऱ्याच एजन्सी साधारण याच पद्धतीने चालतात आणि मला त्या पद्धतीबद्दलच बोलायचंय. आमच्यासारखी छोटी नर्सिंग, फिजिओ, फार्मसी कॉलेजेस जळगाव-धुळे-नंदुरबारला भरपूर आहेत, दरवर्षी सगळ्यांची एकच रड असते की ज्युनियर फॅकल्टी मिळत नाही आणि मिळाली तर टिकत नाही, म्हणून त्यांच्यासाठी लिहितेय.

आमचं कॉलेज शहाद्याच्या बाजूला, तापीच्या वर, म्हणजे गच्चीवर उभं राहिलं की सातपुडा दिसतो. मी कम्युनिटी हेल्थ नर्सिंगचं, म्हणजे गावात-घरात जाऊन करायच्या नर्सिंगचं, डिपार्टमेंट बघते. आमच्याकडच्या असिस्टंट प्रोफेसर मॅडमच्या मिस्टरांची बदली झाली, त्या गेल्या, आणि पाचवं सेमिस्टर तोंडावर. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, बी.एस्सी. नर्सिंगचा सेमिस्टर पॅटर्न २०२१ च्या बॅचपासून आलाय आणि त्यात कम्युनिटी हा विषय पाचव्या आणि सातव्या सेमिस्टरला असतो. वर्गातलं लेक्चर एकवेळ दुसरं कोणी घेईल हो, पण पीएचसीची (प्राथमिक आरोग्य केंद्राची) पोस्टिंग, उपकेंद्र, घरभेटी, फॅमिली फोल्डर (एकेका कुटुंबाच्या माहितीची फाईल) हे सगळं बघायला त्याच विषयाचा माणूस लागतो. शिवाय इंडियन नर्सिंग कौन्सिलचा १० विद्यार्थ्यांमागे १ शिक्षक हा हिशोब आहेच, आणि असिस्टंट प्रोफेसरला एम.एस्सी. नर्सिंग अधिक ३ वर्षं शिकवण्याचा अनुभव पाहिजे. पेपरात जाहिरात दिली तर अर्ज आले ते बहुतेक मेडिकल-सर्जिकलवाल्यांचे. म्हणून संस्थेने एजन्सी घ्यायची ठरवली. त्यांच्याकडून येणाऱ्यांनी पण जाहिरातीलाच रीतसर अर्ज करायचा, हे आम्ही पहिल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं.

फी म्हणजे उमेदवाराचा एक महिन्याचा पगार, तो कॉलेजने द्यायचा, उमेदवाराकडून एक रुपया घ्यायचा नाही. हे मला आवडलं आणि मी उमेदवारांना वेगवेगळं विचारून खात्री पण केली, कोणाकडूनच पैसे घेतलेले नव्हते. माणूस ३ महिन्यांच्या आत सोडून गेला तर दुसरा फुकट देणार. ऐकायला छान वाटतं, पण कॉलेजसाठी या अटीचा काही उपयोग नाही. कंपनीत माणूस बदलला तर चालून जातं. आमच्याकडे सेमिस्टरच्या मध्यात बाई गेल्या तर मुलींची, म्हणजे आमच्या विद्यार्थिनींची, गावातली पोस्टिंगच तुटते, गावातली ओळख तुटते, आशाताईंना पुन्हा नवीन मॅडमची सवय करावी लागते. सेमिस्टर पूर्ण होईपर्यंतची हमी पाहिजे, म्हणजे निदान ६ महिने.

आता पहिला फोन. त्यांचा मुलगा बोलायला एकदम नम्र, सगळं लिहून घेतलं, आणि शेवटी अगदी सहज विचारतो, "मॅडम, इन्स्पेक्शनपुरतं पाहिजे की फुल टाइम?" मला एक क्षण कळलंच नाही तो काय विचारतोय. मग लक्षात आलं. म्हणजे तपासणीच्या दिवशी येऊन बसणारी, रजिस्टरवर सही करणारी आणि संध्याकाळच्या गाडीने परत जाणारी फॅकल्टी, ती पण त्यांच्याकडे मिळते. मी त्याला नीट समजावून सांगितलं की बाळा, माझ्या मुली तिसऱ्या वर्षी पाड्यावर जाऊन कुपोषण ओळखायला पोरांच्या दंडाचा घेर मोजतात, गरोदर बाईचं बीपी बघतात, त्यांच्या मागे उभं राहणारं कोणी नसेल तर चुकीचा आकडा लिहिला जाईल आणि ते पोर उपचाराविना घरीच राहील. फुल टाइमच पाहिजे, आणि असला प्रश्न मला पुन्हा विचारायचा नाही. त्याने विचारला पण नाही परत. पण हा प्रश्न इतक्या सहज येतो म्हणजे कुठेतरी त्याला हो म्हणणारी कॉलेजेस असणारच ना, आणि त्या कॉलेजमधून बाहेर पडणाऱ्या सिस्टर उद्या आपल्याच माणसांना इंजेक्शन देणार आहेत. माझा एक पूर्ण स्टार तिथेच गेला.

पण कागदांचं काम, खरंच मानलं. प्रत्येक उमेदवाराची फाईल एकदम लावलेली. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं आरएन-आरएम (नर्स आणि मिडवाइफ म्हणून) रजिस्ट्रेशन चालू आहे का, रिन्यूअल झालंय का, बाहेरच्या राज्यातली असेल तर तिकडच्या कौन्सिलची एनओसी, एनयूआयडी नंबर (नर्सचा देशपातळीवरचा ओळख क्रमांक), बी.एस्सी. आणि एम.एस्सी. च्या सगळ्या मार्कशीट, एक्सपिरियन्स लेटर, रिलिव्हिंग लेटर. नुसतं गोळा नाही केलं, जुन्या कॉलेजला फोन करून विचारलं की ही तारीख बरोबर का. एका उमेदवाराच्या अनुभवात दोन वेगवेगळ्या जिल्ह्यातल्या कॉलेजची तारीख एकमेकांवर चढलेली होती, म्हणजे एकाच वेळी दोन्हीकडे नोकरी, ते त्यांनीच पकडलं आणि आम्हाला यादी देण्याआधीच नाव काढलं. हे आम्ही करायला बसलो असतो तर क्लार्क दादांचा सगळा वेळ त्यातच गेला असता. या कामाचे पैसे द्यायला मला अजिबात वाईट वाटत नाही.

गडबड पुढे सुरू होते. त्यांची पद्धत अशी की आधी फोनवर स्क्रीनिंग, ते इंग्लिशमध्ये, मग मार्क देऊन क्रमवारी. अनुभवाला मार्क, पेपर पब्लिश केले त्याला मार्क, इंग्लिश बोलण्याला मार्क. मी विचारलं की फील्डवर काम केलंय का याला किती मार्क, तर असा कॉलमच नाही. आता बघा, बी.एस्सी. नर्सिंगचं माध्यम इंग्लिश आहे, पुस्तकं इंग्लिश, पेपर इंग्लिश, ते यायलाच पाहिजे, त्यात वाद नाही. पण आमच्या मुली जातात त्या गावात खाली अहिराणी चालते, वर पाड्यांवर पावरी आणि भिली, आणि मराठी ही तिथे शाळेतली भाषा. कम्युनिटीच्या शिक्षकाची अर्धी परीक्षा तिथेच असते. जी मुलगी आज आमच्याकडे आहे तिला एजन्सीने यादीत सगळ्यात खाली टाकलं होतं आणि शेरा काय, तर कम्युनिकेशन अॅव्हरेज.

डेमो लेक्चर पण त्यांच्या पॅकेजमध्ये ऑनलाइन होतं. बघितले आम्ही. सगळ्यांचा विषय जवळपास तोच, लेव्हल्स ऑफ प्रिव्हेन्शन, सगळ्यांची पीपीटी सारखीच, वाचून दाखवायची. मुलींना विचारलं तर म्हणाल्या, "मॅम, सगळ्याच छान आहेत," म्हणजे कोणीच लक्षात राहिली नव्हती. मग प्रिन्सिपल मॅडम आणि मी बोललो आणि एजन्सीला कळवलं की शेवटच्या फेरीला उमेदवारांनी कॉलेजला यायचं, जाण्या-येण्याचं भाडं आम्ही देऊ, राहायची सोय गेस्ट रूमला, आणि डेमो दोन भागात होईल, एक वर्गात आणि एक पाड्यावर मुलींना घेऊन. एजन्सी नाराज. म्हणे, मॅडम असं कोणी करत नाही, उमेदवार मागे हटतील. काही हटले पण. हटले तर हटले, पाड्यावर यायला आज तयार नाही तो माणूस जुलैच्या पावसात कसा येणार?

पाड्यावरचा दिवस मला सविस्तर लिहायचाय कारण कोणाला असं करायचं असेल तर उपयोग होईल.

ज्या मॅडम यादीत पहिल्या नंबरवर होत्या त्या अभ्यासात खरंच हुशार. वर्गातला डेमो त्यांचा उत्तम झाला, सिकलसेलची, म्हणजे आई-वडिलांकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराची, आनुवंशिकता फळ्यावर काढून दाखवली, राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मिशन १ जुलै २०२३ ला शहडोलहून सुरू झालं, २०४७ चं ध्येय आहे, सगळं तोंडपाठ. पाड्यावर गेल्यावर त्यांनी फॅमिली फोल्डर उघडला आणि खाटेवर बसलेल्या आजीला पहिला प्रश्न विचारला, "आपल्या कुटुंबाचे मासिक उत्पन्न किती?" आजीने तोंड फिरवलं. मग शौचालय आहे का, वापरता का, एकामागून एक फॉर्ममधल्या क्रमानेच. आजी उठून आत गेल्या आणि सून बाहेर आलीच नाही. मुली मागे उभ्या राहून पेन धरून वाट बघतायत. त्या मॅडमना मी दोष देत नाही, त्यांना कोणी कधी असं बघितलंच नव्हतं, त्यांची सगळी वर्षं शहरातल्या कॉलेजमध्ये गेली आणि तिथे अर्बन हेल्थ सेंटरवर ओपीडी चालते. पण आमच्या मुलींनी हे शिकायला नको होतं.

दुसरी आली ती साक्रीकडची, अहिराणी घरातली, अनुभव जेमतेम नियमात बसणारा. वर्गात थोडी घाबरली होती, इंग्लिश बोलताना अडकत होती, पण मुलींना प्रश्न विचारत होती आणि उत्तराची वाट बघत होती, हे मी तेव्हाच लिहून ठेवलं. पाड्यावर पावरी तिलाही येत नव्हती. तिने काय केलं, घरात शिरायच्या आधी आशाताईंना बोलावलं, त्यांना शेजारी बसवलं आणि मुलींना सांगितलं की आज ताई आपल्या शिक्षिका आहेत, त्या कशा बोलतात ते आधी ऐका. मग आजीला आपल्या अहिराणीत विचारलं, "जेवन व्हयनं का माय?" बाजाराला खाली येत असल्याने आजीला अहिराणी समजते, त्या हसल्या आणि सुनेला हाक मारली. उत्पन्नाचा कॉलम सगळ्यात शेवटी भरला गेला, तो पण गप्पा मारता मारता, यंदा कामाला गुजरातकडे किती महिने गेले होते त्यावरून.

बॅग टेक्निक, म्हणजे घरभेटीची बॅग स्वच्छतेने वापरायची पद्धत, तिने स्वतः करून नाही दाखवली, मुलींकडून करून घेतली. पेपर अंथरायचा, बॅग त्यावर, आधी वरच्या कप्प्यातून साबण-टॉवेल काढून हात धुवायचे आणि मगच आत हात घालायचा. एक मुलगी हात न धुता आतून थर्मामीटर काढायला गेली, ही ओरडली नाही, फक्त तिचा हात धरला आणि म्हणाली, "बेटा, परत पहिल्यापासून." नंतर दंडघेर. एका लहान पोराचा आकडा मुलीने घाईत १२.६ सेंटीमीटर सांगितला. हिने टेप काढायला लावली, डावा हात, खांदा ते कोपर मोजून मधोमध खूण, हात सैल सोडलेला, टेप आवळायची नाही. परत मोजलं तर १२.२. आता १२.५ च्या खाली म्हणजे मध्यम कुपोषित, आणि ११.५ च्या खाली गेलं की तीव्र, त्यामुळे तेवढ्या फरकाने ते पोर अंगणवाडीच्या यादीत आलं. मी कोपऱ्यात उभी होते, मला तिथेच वाटलं की हीच.

आणि सिकलसेल. त्याच घरात नवरा-बायको दोघंही वाहक (स्वतःला आजार नाही, पण मुलांना देऊ शकणारे), तपासणी झालेली. आमची एक मुलगी त्यांना सांगत होती की तुम्हाला चार मुलं झाली तर त्यातल्या एकाला आजार होईल. ऐकायला बरोबर वाटतं आणि पुस्तक वाचून अर्धी मुलं असंच समजतात. हिने तिथे कोणाचा अपमान न करता आशाताईंमार्फत नीट सांगितलं की तसं नाही, प्रत्येक वेळी पोट राहिलं की पुन्हा नव्याने तेवढाच धोका, चारात एक, आधीच्या मुलाला आजार झाला म्हणून पुढचं सुटलं असं नसतं आणि आधीची सगळी चांगली निघाली म्हणून पुढच्याला होणारच असंही नसतं, म्हणून दर खेपेला लवकर तपासायचं. त्या नवऱ्याने उलट प्रश्न विचारला की मग माझ्या भावाचं लग्न ठरतंय, त्याची पण तपासणी करू का? इतकं पोचलं. परत येताना गाडीत तिने त्या मुलीला गणित समजावलं, चिठ्ठ्या करून, प्रत्येक वेळी उचलून पुन्हा डब्यात टाकायची. नंदुरबार जिल्ह्यात शिकवणाऱ्या माणसाला हे आलंच पाहिजे, इथे हा विषय पेपरात ५ मार्कांना येतो म्हणून शिकवायचा नसतो.

याचा अर्थ असा घेऊ नका की फक्त आपल्या खान्देशचेच घ्या. आमच्याकडे मिडवायफरी शिकवणाऱ्या मॅडम केरळच्या आहेत, आल्या तेव्हा मराठी पण धड येत नव्हती, आज बाजारात अहिराणीत भाव करतात आणि लेबर रूममध्ये बाया त्यांनाच शोधतात. भाषा शिकता येते. ऐकून घ्यायची तयारी आहे का एवढं बघायचं, आणि ते फोनवर किंवा पीपीटीत दिसत नाही.

अजून एक तक्रार आहे, गंभीर आहे. एजन्सीने उमेदवारांना पत्ता सांगताना "जळगावजवळ" असं सांगितलं. एक मॅडम भुसावळला उतरल्या आणि फोन केला की कॉलेजची गाडी येतेय का, त्यांना कळेना की इथून अजून तीन-चार तास आहेत. नवीन ठिकाणी एकटी बाई, सोबत लहान मुलगी. आम्ही व्यवस्था केली पण त्यांचा मूड तिथेच गेला आणि साहजिक आहे. जिल्हा, तालुका, जवळचं स्टेशन, एसटी कधी असते, उन्हाळा कसा असतो, क्वार्टर आहे का, हे खरं सांगून माणूस आणा. खरं ऐकून जो येतो तो राहतो. पगाराचंही तेच, "मॅडम, कमीत कमी कितीवर तयार होतील ते बघतो" असं मला सांगितलं गेलं, मी म्हटलं जो आकडा जाहिरातीसाठी संस्थेने मंजूर केलाय तोच सांगायचा.

मग जॉइनिंगच्या वेळेस सल्ला दिला की ओरिजिनल सर्टिफिकेट जमा करून घ्या, म्हणजे सोडून जाणार नाहीत, बरीच कॉलेजेस ठेवतात. आम्ही ठेवत नाही. तपासून त्याच दिवशी हातात परत दिली. माझ्या स्वतःच्या बॅचच्या मैत्रिणी वर्षानुवर्षं त्या एका फाईलपायी अडकलेल्या मी बघितल्यात, आणि ज्या कॉलेजला माणूस थांबवायला कागद लागतात तिथे शिकवायला मन लागत नाही. ज्युनियर लोकांनो, तुम्ही पण वाचत असाल तर कोणालाही ओरिजिनल ठेवायला देऊ नका, झेरॉक्सवर सही करून द्या, आणि ऑर्डरमध्ये पद, पगार, तारीख लिहून घ्या.

विद्यापीठ मान्यतेचं पण "आम्ही करून देऊ" असं त्यांच्या माहितीपत्रकात होतं. ते कोणी एजन्सी करून देऊ शकत नाही. नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ, म्हणजे एमयूएचएस, १९९८ पासून आपल्या सगळ्या कॉलेजेसचं बघतं, तिथे रोस्टर (आरक्षणाची बिंदुनामावली), जाहिरात, निवड समिती आणि मग शिक्षक म्हणून मान्यता हा प्रवास कॉलेजनेच करायचा असतो. एजन्सीने फाईल नीट लावून दिल्याने आमचं काम हलकं झालं हे मान्य, पण मान्यता विकत मिळते असं नवीन मुलांना वाटू नये म्हणून लिहितेय. मान्यता नसेल तर पुढे तीच वर्षं अनुभवात धरताना वाद होतात, नुकसान त्या शिक्षकाचं होतं.

बाकी वागणं-बोलणं चांगलं, फोन उचलतात, बिल व्यवस्थित जीएसटीसकट.

आता पाचव्या सेमिस्टरची पोस्टिंग तीच बघते. तिने आल्यावर स्वतःहून पावरी शब्दांची वही सुरू केलीय, मुली आणि आशाताई मिळून भरतात, दुखतं कुठे, किती दिवस झाले, पाळी, ताप, दूध पाजलं का, असले कामाचे शब्द. तिचा पब्लिकेशनचा भाग कच्चा आहे, त्यावर मी तिच्याबरोबर बसतेय, पुढच्या बढतीला तिला ते लागेल आणि कॉलेजने तिला त्यासाठी वेळ द्यायला पाहिजे, नुसती ड्युटी लावून नाही चालणार.

एजन्सी पुन्हा घेणार का? हो, आमच्याकडे चाइल्ड हेल्थची एक जागा निघतेय आणि तिच्यासाठी बोलणं झालंय. यावेळी करार वेगळा केलाय. ते फक्त अर्ज गोळा करून कागद तपासणार, क्रमवारी लावणार नाहीत, स्पेशालिटी जुळणारा प्रत्येक अर्ज आमच्यापर्यंत येणार. निवड वर्गात आणि वॉर्डात आम्ही करणार. फी अर्धी जॉइनिंगला आणि अर्धी सेमिस्टर पूर्ण झाल्यावर. आधी नाही म्हणत होते, मग तयार झाले, म्हणजे मागितलं तर मिळतं, तुम्ही पण मागा.